अस्सल कोणतं, नक्कल कोणती?

(गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या चौथ्या दिवशी मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)





कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'संगणकतज्ज्ञ' असं छापलंय. ते खरं नाही. मी राज्य सरकारच्या कचेरीतला साधा नोकरदार माणूस. पॉलिटेक्निकमधून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. कचेरीत प्रिंटर अडकला की मला हाक मारतात, एवढंच माझं तज्ज्ञपण. सचिवांनी बोलायला सांगितलं तेव्हा मी नाहीच म्हणत होतो. ते म्हणाले, "अरे, तुझी ती चूक सांग. आपल्यातल्या चार घरांचं तरी वाचेल." म्हणून उभा आहे.

२०२४ सालचा ऑगस्ट बडोद्यात कुणी विसरलेलं नाही. २६ तारखेला जन्माष्टमी होती. दिवसभर धो धो पाऊस. वर आजव्याचं पाणी सुटलेलं, खाली विश्वामित्री फुगलेली. धोक्याची खूण २५ फुटांची, आणि नदी गेली ३५ फुटांच्याही वर. मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच आहेत. आमचं घर नदीकडच्या अंगाला, तळमजल्यावर. मध्यरात्री देवघर वर हलवलं, गॅसचं सिलिंडर हलवलं, आईची औषधं हलवली. पुस्तकांचं कपाट तिथंच राहिलं. सकाळी पाणी कमरेला लागत होतं. शेजारचे गुजराती काका गच्चीवरून नुसतं "बधुं गयुं, बधुं गयुं" म्हणत होते.

पाणी ओसरल्यावर घराघरांत एकच दृश्य होतं. दोऱ्या बांधून त्यावर चिमट्यांनी कागद वाळत घातलेले. लग्नाचे फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झालेली. आमच्याकडे पणजोबांच्या वेळचे चार-दोन मोडी कागद होते, त्यांची शाई पसरून सगळा कागद निळा-जांभळा झाला. आणि आत्याआजींच्या कॅसेटा.

आत्याआजी म्हणजे माझ्या वडिलांच्या आत्या. इथल्या साठीच्या पुढच्या बायकांना त्या आठवत असतील. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात कुणाकडे घाणा भरायचा असो की मंगळागौर जागवायची असो, आधी त्यांना निरोप जायचा. माझ्या काकांनी १९९१ साली त्यांना समोर बसवून, टेपरेकॉर्डर लावून, अकरा कॅसेटा भरल्या. मधे मधे कुकरची शिट्टी आहे, रस्त्यावरून जाणाऱ्या लारीवाल्याची हाक आहे, आणि एके ठिकाणी त्या काकांना "बंद कर मेलं ते, मला खोकला आलाय" म्हणतात तेही आहे. २०१६ साली मी टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरला जोडली आणि सगळं उतरवून घेतलं. एकेक गाणं वेगळं कापलं. ६३ फायली झाल्या. तीन महिने रोज रात्री तेच काम.

पुरात त्या अकरा कॅसेटा गेल्या. कॉम्प्युटर गेला. पण मी निवांत होतो, कारण ६३ च्या ६३ गाणी मी ढगात ठेवली होती. पुरानंतर बारा दिवसांनी गणपती बसले. तेव्हा ह्याच मंडपात मी चार लोकांना छाती फुगवून सांगत होतो, "आमचं काही गेलं नाही हो, सगळं क्लाउडवर आहे."

आता हे क्लाउड म्हणजे काय ते काका-काकूंसाठी एका वाक्यात सांगतो. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर भाड्यानं किंवा फुकट मिळालेली जागा. तो कॉम्प्युटर कुठल्यातरी लांबच्या शहरात असतो. विश्वामित्री तिथपर्यंत पोचत नाही, हा त्याचा मोठा गुण. गुगल ड्राइव्हवर १५ जीबी जागा फुकट मिळते. त्या १५ जीबीत तुमचा मेल, फोटो आणि ड्राइव्ह असं तिन्ही मिळून बसवायचं असतं, हे मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

घरचे फोल्डर तिथे पोचवायचे कसे? फोनवर किंवा कॉम्प्युटरवर ॲप टाकायचं, ते आपलं आपण करतं. बहुतेक जण हेच करतात. मी ते करत नव्हतो. मी काळ्या खिडकीतून करत होतो.

काळी खिडकी म्हणजे कमांड लाइन. आमच्या डिप्लोमाच्या वेळी लॅबमध्ये डॉस होतं. माउसला हात न लावता सगळं टाइप करायचं. 'कॉपी' लिहिलं की कॉपी, 'डेल' लिहिलं की पुसलं. डेल लिहून पुढे तारा-टिंब-तारा दिलं, म्हणजे आहे ते सगळं पूस असं सांगितलं, की ते डॉससुद्धा विचारायचं: नक्की ना? वाय की एन? हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तर ह्या काळ्या खिडकीतून ढगाशी बोलायचं एक साधन आहे, त्याचं नाव आरक्लोन. फुकट आहे, त्याचा प्रोग्राम कुणालाही वाचता येतो असा उघडा आहे. निक क्रेग-वुड नावाच्या माणसानं ते सुरू केलं. गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह धरून ७० पेक्षा जास्त ठिकाणांशी ते बोलतं. त्याच्या आधी आरसिंक नावाचं साधन होतं, १९९६ सालचं, अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास ह्या दोघांचं. त्यात युक्ती अशी की दोन कॉम्प्युटरांवरच्या फायली ताडून बघायच्या आणि जेवढा फरक असेल तेवढाच पाठवायचा. आरक्लोन त्याच वळणाचं, ढगासाठी केलेलं. नावातच ते साम्य आहे.

विंडोजवर ही एकच फाइल असते. इन्स्टॉल वगैरे काही नाही, फोल्डरमध्ये टाकली की झालं. आधी 'आरक्लोन कॉन्फिग' असं लिहायचं. ते प्रश्न विचारत जातं: कुठल्या कंपनीचं खातं, त्याला नाव काय द्यायचं. मग ब्राउझर उघडतो, तिथे आपल्या खात्यात शिरून परवानगी द्यायची. मी माझ्या खात्याला 'माळा' असं नाव दिलंय. आता घरात माळा राहिला नाही, निदान तिथे असू दे.

पुढचं सगळं एका ओळीत बसतं. आधी 'आरक्लोन', मग काय करायचं तो शब्द, मग कुठून, मग कुठे. ढगातलं ठिकाण लिहिताना खात्याच्या नावापुढे दोन टिंबं, एकाखाली एक, आणि मग फोल्डरचं नाव. झालं. ही ओळ एका फाइलमध्ये लिहून ठेवली आणि विंडोजच्या टास्क शेड्यूलरला सांगितलं, की रोज रात्री अकराला हे चालव, तर तुम्ही झोपलात तरी काम होतं. मला हे ॲपपेक्षा आवडतं. काय केलं, किती वाजता केलं, ते नोंदवहीत लिहून ठेवायला सांगता येतं. कचेरीतल्या माणसाला आवक-जावक बघितल्याशिवाय झोप येत नाही.

आता तो शब्द. काय करायचं तो. मुद्दा सगळा तिथे आहे.

एक शब्द आहे 'कॉपी'. दुसरा आहे 'सिंक'.

जुने मोडी कागद ज्यांनी पाहिलेत त्यांना 'अस्सल बरहुकूम नक्कल' हे शब्द ठाऊक असतील. कारकून अस्सल कागद समोर ठेवून त्याची नक्कल उतरवायचा, आणि अस्सलात आहे तसंच उतरवलंय हे वर लिहून द्यायचा. कॉपी म्हणजे ती नक्कल. इकडे जे आहे आणि तिकडे नाही, ते तिकडे नेऊन ठेवायचं. इकडचं बदललं असेल तर तिकडचंही बदलायचं. पण तिकडे जे जास्तीचं आहे त्याला हात लावायचा नाही.

सिंक म्हणजे आरसा. तिकडचं फोल्डर इकडच्यासारखं हुबेहूब करायचं. इकडे जे नाही ते तिकडेही असता कामा नये. म्हणजे पुसायचं. न विचारता पुसायचं. आपल्या डॉससारखं 'वाय की एन' नाही.

फोनमुळे आपल्याला वाटतं की सिंक म्हणजे दोन्हीकडचा मेळ. फोनवर नंबर लिहिला, तो कॉम्प्युटरवर दिसला, कॉम्प्युटरवर लिहिला, तो फोनवर दिसला. म्हणजे दोन्ही बाजूंचं एकत्र होतं, जिथे जे कमी असेल ते भरून येतं. मराठीत आपण त्याला ताळमेळ म्हणू. मीही तसंच समजत होतो, आणि माझा तर डिप्लोमा आहे. आरक्लोनचा सिंक एकदिशा आहे. पहिलं लिहिलेलं ठिकाण अस्सल, दुसरं त्याचं प्रतिबिंब. तुमचं खरंखुरं अस्सल कुठे आहे ते त्याला ठाऊक नसतं. तुम्ही ज्याला पहिलं लिहाल ते त्याच्या लेखी अस्सल.

आता माझी गोष्ट पुढे नेतो. पुरात कॉम्प्युटर गेला, तो दिवाळीत नवा घेतला. पाडव्याच्या दिवशी बसून सगळं मांडलं. माझी ती रात्री अकराची ओळ कचेरीतल्या पेन ड्राइव्हवर होती, ती तशीच आणून ठेवली. तिच्यात सिंक हाच शब्द होता. इतकी वर्षं तोच होता आणि कधी बिघडलं नव्हतं, कारण इतकी वर्षं घरचं फोल्डर भरलेलं होतं. नव्या डिस्कवर त्याच नावाचं फोल्डर केलं आणि त्यात दिवाळीचे तीस-चाळीस फोटो टाकले. मनात म्हटलं, रात्री सिंक झालं की गाणी आपोआप खाली येतील.

फोल्डरच केलं नसतं तर आरक्लोन अडलं असतं. 'असं फोल्डर सापडत नाही' म्हणून ते तिथल्या तिथे थांबतं. पण फोल्डर होतं. त्यात तीस-चाळीस फोटो होते. त्यानं बघितलं, अस्सलात तीस-चाळीस फोटो आहेत, नकलेत गाणी आहेत, स्कॅन आहेत, आजोबांच्या निवृत्तीचा समारंभ आहे. हे अस्सलात नाही. मग ते सगळं काढून टाकलं. मी तेव्हा बाहेर फटाके बघत होतो.

इथपर्यंत वाचण्यासारखं होतं, कारण पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी ते कचरापेटीत जातं आणि तिथे ३० दिवस राहतं. मलाही पेटीतून परत काढता आलं असतं. पण ह्या पेटीतला कचरासुद्धा तुमच्या जागेत मोजला जातो. दोन आठवड्यांनी मला निरोप आला, जागा भरत आलीय. मी खात्यात गेलो. मेल थोडे काढले. पेटीत बरंच काहीतरी पडलेलं दिसलं. जुनं-पानं असेल म्हणून 'पेटी रिकामी करा' वर टिचकी मारली. तिथे विचारलं होतं बरं का, कायमचं पुसू का म्हणून. मी हो म्हटलं.

माघात ठाण्याला मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. वहिनींचा फोन आला, "भावोजी, आत्याआजींची घाण्याची ओवी पाठवा ना, आमच्यात आता कुणाला येत नाही." म्हटलं, लगेच पाठवतो. फोल्डर उघडला तर दिवाळीचे फोटो. वाटलं, चुकीचं खातं उघडलं. बाहेर पडून परत आत गेलो. तेच. मग नोंदवही उघडली. तिच्यात पाडव्याच्या रात्री अकरा वाजल्यानंतरच्या ओळी होत्या. एकेका गाण्याचं नाव, आणि त्यापुढे 'डिलीटेड'. त्याखाली पुढचं गाणं, 'डिलीटेड'. सगळं आटपायला एक मिनिटही लागलं नव्हतं. मी ती नावं दोनदा वाचून काढली. आईला चार दिवस सांगितलं नाही.

कुणाला दोष द्यायचा? साधनानं सांगितलं तेच केलं. त्याच्या माहितीपत्रकात ही सूचना लिहिलेली आहे, की सिंकनं माहिती जाऊ शकते, आधी तालीम करून बघा. मी ते पान कधीकाळी वाचलंही होतं. पुरात आमचं जे गेलं ते नदीनं नेलं. ही ६३ गाणी मात्र नदीपासून वाचली होती आणि मी घालवली. कचेरीत साधा जुना कागद नष्ट करायचा तर यादी होते, टिपण होतं, साहेबांची सही होते, मग तो रद्दीत जातो. घरी मी यादीही केली नाही आणि सहीही दिली नाही. ओळ लिहून मोकळा झालो.

मग आता काय करतो ते सांगतो. ह्यात डोकं चालवण्यासारखं फार नाही, सवय लावून घ्यायची आहे.

पहिलं म्हणजे घरच्या जपायच्या गोष्टींसाठी सिंक हा शब्दच वापरत नाही. कॉपी. जास्तीचं काही साठलं तर साठू दे. आपल्या घरात तीन पिढ्यांच्या बरण्या साठतात, त्यात चार फायलींचं काय. पण कॉपीही पूर्ण निर्धोक नाही. इकडची फाइल बिघडली, किंवा नातवानं तिच्यात काही भलतंच भरलं, तर बदललेली म्हणून ती तिकडच्या चांगल्या फाइलवर जाऊन बसते. स्कॅन, जुने फोटो, गाणी ह्या गोष्टी एकदा झाल्या की बदलायच्या नसतात. त्यांच्यासाठी ओळीच्या शेवटी दोन आडव्या रेघा देऊन 'इम्यूटेबल' लिहितो. मग तिकडे असलेली फाइल ते बदलत नाही, उलट तक्रार करतं. ती तक्रारच मला हवी असते.

जिथे बदल होत राहतात, म्हणजे मंडळाचे हिशेब, वर्गणीच्या याद्या, तिथे 'बॅकअप-डिर' असा एक पर्याय आहे. त्याला एक वेगळं फोल्डर नेमून द्यायचं. मग जे पुसायचं किंवा बदलायचं असेल, ते आधी त्या फोल्डरमध्ये सरकवलं जातं. हे फोल्डर त्याच खात्यात लागतं, पण मुख्य फोल्डरच्या बाहेर. मी दर महिन्याला त्याचं नाव बदलतो: चैत्र, वैशाख असं. आमच्या घरात अडगळीची खोली होती ना, तसंच ते.

आणि तालीम. नाटकाची रंगीत तालीम आपल्या मंडळाला शिकवायला नको. आरक्लोनला ओळीच्या शेवटी दोन रेघा देऊन 'ड्राय-रन' लिहिलं की ते प्रत्यक्ष काही करत नाही, फक्त काय काय केलं असतं ते सांगतं. हे पाठवलं असतं, हे पुसलं असतं, असं. पाडव्याच्या संध्याकाळी मी ते एकदा चालवलं असतं तर पडद्यावर ६३ गाण्यांची नावं आली असती आणि मी उडालोच असतो. नवी मशीन, नवी डिस्क, नवं फोल्डर, ओळीत एका अक्षराचा जरी बदल, की आधी ड्राय-रन. 'इंटरॅक्टिव्ह' असा आणखी एक पर्याय आहे. तो दिला की हात लावण्याआधी ते विचारतं, आमच्या जुन्या डॉससारखं. पण रात्री अकराला आपण झोपलेलो असतो, उत्तर द्यायला कुणी नसतं, तेव्हा तो उपयोगाचा नाही. तिथे 'मॅक्स-डिलीट' लावायचं आणि पुढे आकडा द्यायचा. दहा दिला तर दहापेक्षा जास्त फायली पुसायची वेळ आली की काम तिथेच थांबतं. दहा जातील, पण त्रेसष्ट जाणार नाहीत.

मघाशी म्हटलेला दोन्हीकडचा ताळमेळ करणारी 'बायसिंक' ही वेगळी आज्ञा आहे. निम्म्याहून अधिक फायली गायब दिसल्या तर ती आपणहून थांबते. तरीही माझं मत विचाराल तर घरच्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. दोन्हीकडे अस्सल मानायचं म्हणजे भांडणाला निमंत्रण.

महिन्यातून एकदा 'आरक्लोन चेक' चालवतो. ते काही पाठवत नाही, पुसत नाही, दोन्ही बाजूंच्या फायली ताडून फरक सांगतं. आणि वर्षातून एकदा उलटी कॉपी: माळ्यावरून खाली, एका रिकाम्या फोल्डरमध्ये. तिथली दोन-चार गाणी लावून ऐकतो, दोन-चार फोटो उघडतो. आपण धान्य नुसतं भरून ठेवत नाही, मधे मधे उन्हात घालून बघतो, तसंच. खरं तर नवा कॉम्प्युटर आणला त्या दिवशी मला हीच उलटी कॉपी करायची होती. 'माळा' आधी आणि घर नंतर. ओळीतल्या दोन नावांची अदलाबदल, एवढंच काम होतं.

दोन बारीकसारीक गोष्टी. गुगल ड्राइव्हवर सेकंदाला साधारण दोनच फायली चढतात, मग त्या कितीही लहान असोत. हजारो छोट्या फायली असतील तर रात्र पुरत नाही. अल्बमवार एकेक झिप केलेली बरी. आणि आधार कार्ड, दस्त, बँकेची पासबुकं असे कागद तिकडे ठेवायचे असतील तर आरक्लोनमध्ये 'क्रिप्ट' म्हणून सोय आहे. फाइल कुलूपबंद होऊन जाते, तिचं नावसुद्धा तिकडे वाचता येत नाही. पण त्याचा पासवर्ड विसरलात तर ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही. तो कागदावर लिहून लॉकरमध्ये ठेवा, आणि घरात आणखी एकाला सांगून ठेवा. काका लोक पासवर्ड कुणालाच सांगत नाहीत, मग मागे राहिलेल्यांनी काय करायचं?

आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मांडवीला कधी गेलात तर वरच्या मजल्याची काचेची फरशी बघा आणि लोखंडी मांडण्या बघा. १९१० साली सयाजीराव महाराजांनी ते ग्रंथालय सुरू केलं. ज्यांनी इमारत बांधली त्यांनी पुस्तकं कुठली आणायची एवढ्यावर न थांबता ती टिकायची कशी ह्याचाही विचार केला होता. आपल्या घरातले कागद मात्र आपण पत्र्याच्या ट्रंकेत घालतो आणि ट्रंक जमिनीवर ठेवतो.

मंडळाच्या कपाटात गेल्या कित्येक वर्षांच्या स्मरणिका, नाटकांचे फोटो, सभेची इतिवृत्तं आहेत. ह्या पुरात ते कपाट वाचलं, कारण ते पहिल्या मजल्यावर होतं. कार्यकारिणीनं मान्य केलंय की दिवाळीनंतर ते सगळं स्कॅन करायचं. कॉलेजातली सहा मुलं तयार आहेत. चढवायचं काम मी करतो, पण ओळ मी एकट्यानं लिहिणार नाही. मी लिहीन, त्यातल्या एकानं वाचायची, ड्राय-रन दोघांनी बघायचा, मग चालवायची. शिवाय एक प्रत डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या कुणाच्या तरी घरी, नदीपासून लांब.

आता माझं स्वतःचं एक काम. ६३ पैकी ४१ गाणी मला परत मिळाली. ठाण्याच्या त्याच मावसभावाला मी २०१९ साली एक पेन ड्राइव्ह दिला होता, तो त्यानं खणात टाकला होता आणि विसरला होता. वहिनींची घाण्याची ओवी त्यात नव्हती. २२ गाणी राहिली: मंगळागौरीची पंधरा, घाण्याच्या चार ओव्या, पाळणे तीन. कुठली ते मला नेमकं सांगता येतं, कारण नोंदवहीत नावं आहेत. ती यादी बाहेर फलकावर लावलीय.

काकांनी १९९२-९३ च्या सुमारास ह्या कॅसेटांच्या नकला पाच-सहा घरी दिल्या होत्या, त्यातली दोन घरं दांडिया बाजारातली होती हे आईला आठवतं. कॅसेटवर पांढरी चिठ्ठी आहे, हिरव्या शाईनं आत्याआजींचं नाव आणि क्रमांक लिहिलाय. तुमच्या किंवा सासर-माहेरच्या माळ्यावर असली तर कृपा करून टेपरेकॉर्डरमध्ये घालून बघू नका, एवढ्या वर्षांनी फीत तुटते. आहे तशी आणून द्या. विसर्जनापर्यंत मी रोज संध्याकाळी साडेसात ते नऊ मंडपामागच्या खोलीत आहे.

ता. क. स्मरणिका छापायला जाईपर्यंत दोन कॅसेटा मिळाल्या, एक रावपुऱ्यातून, एक इंदूरला दिलेल्या लेकीकडून. त्यातून ९ गाणी निघाली. घाण्याच्या ओव्या अजून नाहीत. यादी फलकावर आहे.